भेरूघाटात मागचा गडी मागेच राहतो: गाडीवर वायरलेस बसवावा का?

नर्मदेकाठी (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे नऊ जण. श्रावणात एक रविवार ठरलेला: पहाटे पाचला भंवरकुव्यावर जमायचं, सिमरोल, भेरूघाट, बडवाहमार्गे महेश्वर, घाटावर स्नान, अहिल्याबाईंच्या वाड्यात थोडं बसायचं आणि संध्याकाळी घरी.

यंदा आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ काका सर्वांत मागे होते. वय ६१. घाटाच्या उतारावर त्यांच्या चेनचं लॉक निसटलं. पाऊस चालू, मोबाइलला रेंज नाही. पुढच्या आठ जणांना पत्ताच नाही. बडवाहला चहा सांगितला, कप मोजले तेव्हा एक जास्त आला आणि तेव्हा कळलं. दोघे उलटे गेलो. काका एका झाडाखाली गाडीला टेकून उभे होते. जवळजवळ पन्नास मिनिटं.

मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "अरे, माझं सोड. तुम्ही परत आला नाहीत म्हणून मला वाटलं, तुमच्यातलाच कोणी पुढे पडला. मी पायी खाली यायच्या बेतात होतो."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. काही झालं असतं तर?

म्हणून विचारतो. गाडीवर दोन्ही बाजूंनी बोलता येणारा वायरलेस बसवता येतो का? कुठे बसवायचा, करंट कुठून घ्यायचा, कायद्याने चालतो का? आमच्यात दोन बुलेट आहेत, बाकी १००-१५० सीसीच्या साध्या गाड्या. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

पोहे_जिरावन

वाचतोय. आमच्याही ग्रुपला हवंय.

राजवाडाकर

सोपं आहे भिया. ऑनलाइन पाच वॅटचे हँडसेट जोडीने मिळतात, स्वस्तात. कमरेला लटकवा, कानात इअरफोन घाला, चला. मित्राकडे पाहिलेत, आवाज मस्त येतो.

व्हीयू३_माळवा

राजवाडाकर, थांबा. तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला नऊ जणांना अडचणीत टाकेल. मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, म्हणून नीट लिहितो.

आपल्याकडे वायरलेस सेट वापरायलाच नाही, नुसता बाळगायलाही परवाना लागतो, हे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आलंय. तुम्ही म्हणता ते पाच वॅटचे सेट साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झवर कुठेही लावता येतात. त्याच पट्ट्यांत पोलीस, इतर सरकारी सेवा आणि खासगी परवानाधारकही असतात. कोणाच्या बोलण्यावर आपलं बोलणं चढलं ते आपल्याला कळतसुद्धा नाही. रुग्णवाहिकेचा निरोप आपल्या "चहा कुठे घ्यायचा"खाली दबला तर?

सूट आहे ती वेगळी. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी परवानामुक्त केलाय. सेटला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता, म्हणजे ईटीए, असायला हवी. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती यासाठीच, सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते विकणाऱ्याने लिहिलं पाहिजे. घेण्याआधी ते वाचा. लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

दुसरा रस्ता हॅमचा. १२ वर्षांवरच्या कोणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला टिंब-रेघांचं मोर्स लागत नाही, जनरलला लागतं. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर रीतसर बोलता येतं आणि शक्तीही जास्त वापरता येते. पण बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा. एकाच्या परवान्यावर नऊ जण बोलू शकत नाहीत.

राजवाडाकर

हे ठाऊक नव्हतं. पण घाटात कोण तपासायला येतंय? आणीबाणीसाठीच तर ठेवायचा.

महूचा_सिग्नलमन

राजवाडाकर, वयाने मोठा आहे म्हणून सांगतो. मी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये २४ वर्षं काढली, आता महूलाच घर आहे. "कोण तपासतंय" हा प्रश्न फ्रिक्वेन्सीच्या बाबतीत लागू पडत नाही. हवा सगळ्यांची एकच आहे. आपण चुकीच्या जागी बोललो तर त्रास पकडणाऱ्याला नाही, ऐकणाऱ्याला होतो. व्हीयू३ यांनी लिहिलंय ते अक्षर अन् अक्षर बरोबर.

राजवाडाकर

पटलं काका. माझा प्रतिसाद कोणी मनावर घेऊ नये. ४४६ वालाच बघतो.

पाठीमागची_सीट_नको

मी स्वतः चालवते, पाच वर्षं झाली. आम्ही चौघी हेल्मेटचे ब्लूटूथ इंटरकॉम वापरतो. परवान्याची भानगड नाही, वायर नाही, गाडीला हात लावावा लागत नाही. मांडूला जाताना सरळ रस्त्यावर छान चालतात. पण नर्मदेकाठी यांच्या प्रश्नाला ते पुरे पडणार नाहीत असं मला वाटतं. खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या सरळ रस्त्याचं असतं. घाटात एक वळण मध्ये आलं की मागचीचा आवाज तुटतो. आणि तुमचे काका तर दोन वळणं मागे होते.

एक गोष्ट मात्र शिकले ती सांगते, रेडिओ घ्या की इंटरकॉम. माइक ओठाच्या कोपऱ्याला जवळजवळ टेकलेला हवा आणि त्यावर स्पंजची टोपी हवीच. साठच्या वर गेलात की वाराच बोलतो. आवाज ऐकून आपोआप चालू होणारा प्रकार, ज्याला व्हॉक्स म्हणतात, तो गाडीवर बंद ठेवा. वाऱ्याने तो सारखा चालू होतो आणि बाकीच्यांच्या कानात वादळ. बोलायचं बटण वेगळंच हवं.

शांत_चालक

माझा मुळातच विरोध आहे आणि तो मनापासून आहे. माझा धाकटा भाऊ गाडी चालवताना फोनवर बोलत होता तेव्हा पडला. वाचला, पण हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. गाडीवर असताना कानात कोणीही बोलू नये. नऊ जणांनी दर वीस किलोमीटरला थांबून मोजणी करावी. फुकट आहे आणि कोणी पडत नाही.

महूचा_सिग्नलमन

शांत चालक, भावाला माझा नमस्कार सांगा. तुमचं म्हणणं मी बाजूला सारत नाही, उलट त्यातूनच उत्तर निघतं.

नऊ गाड्यांना नऊ सेट देऊ नका. तीन द्या. पहिल्याला, मधल्याला, शेवटच्याला. शेवटचा नेहमी तोच ठेवा, त्याच्या मागे कोणी राहणार नाही. घाटात पहिल्याचं आणि शेवटच्याचं एकमेकांना ऐकू येणार नाही, कारण मध्ये डोंगर आहे, आणि ४४६ ला डोंगर म्हणजे भिंत. मधला वळणावरून दोघांनाही दिसतो, म्हणून निरोप पुढे तोच देईल. मधला नेमताना सगळ्यात शांत डोक्याचा माणूस नेमा.

आणि गप्पा बिलकुल नाहीत. शब्द आधीच ठरवून घ्या. आम्ही इंग्रजीत बोलायचो, तुम्ही मराठीत ठरवा: "थांबलो." "गाडी बंद." "माणूस पडला." "सगळे आले." चार पुरे. बटण दाबलं की अर्धा श्वास थांबून मग बोलायचं, नाहीतर पहिलाच शब्द कापला जातो आणि "नाही थांबलो"चं "थांबलो" होतं. म्हणून "नाही"ने सुरू होणारा निरोप ठेवूच नका. वळणावर, ओव्हरटेक करताना, उतारावर कोणीही उत्तर द्यायचं नाही. सरळ रस्ता आला की "कळलं" एवढंच.

वीस किलोमीटरची मोजणीही ठेवा. रेडिओ आहे म्हणून ती सोडायची नाही.

शांत_चालक

असं असेल तर माझा विरोध उरत नाही. चार शब्दांची शिस्त मला पटली.

पोहे_जिरावन

अवांतर: काका, २६ जानेवारीच्या संचलनात एका मोटरसायकलवर दहा-बारा जण उभे राहून जातात ते "डेअर डेव्हिल्स" सिग्नल कोअरचेच ना? लहानपणी आम्ही सायकलवर तसं करायला जाऊन गल्लीतल्या नाल्यात पडलो होतो, तिघे एकदम.

महूचा_सिग्नलमन

हो, आमचेच. कोअर १९११ ची, ब्रीदवाक्य "तीव्र चौकस". रेडिओ हाताशी नसायचा तेव्हा कागदाचा निरोप घेऊन मोटरसायकलस्वार जायचा, डिस्पॅच रायडर म्हणायचे त्याला. म्हणजे मोटरसायकल आणि निरोप यांचं नातं आमच्याकडे जुनं. तुमच्या नाल्यातल्या तुकडीत मीही हौसेने आलो असतो.

लोहापट्टीचा_मिस्त्री

आता वायरिंगचं सांगतो, कारण नंतर गाडी माझ्यासारख्याकडेच येते.

हँडसेट असेल तर गाडीच्या करंटला हात लावूच नका. सेटची स्वतःची बॅटरी आहे, ऐकत राहायचं आणि अधूनमधून चार शब्द बोलायचे एवढं काम असेल तर दिवस निघतो. रात्री घरी चार्ज करा. १०० सीसीच्या गाडीची बॅटरी इवलीशी, तीन-चार अँपिअर-अवरची. तिच्यावर हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ. अजून ओझं टाकू नका.

गाडीवर पक्का बसवायचा मोठा सेट असेल (परवाना असलेल्यांसाठीच) तर तो बुलेटवर बसवा. २५ वॅटचा सेट बोलताना पाच-सहा अँपिअर खेचतो. लाल आणि काळी, दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत न्या. हेडलाइटच्या वायरीतून चोरून घेऊ नका. लाल वायरवर फ्यूज बॅटरीपासून एका विताच्या आत, सेटजवळ नाही. कारण वायर घासून फ्रेमला लागली तर जळणार ती बॅटरी आणि फ्यूजमधली वायर, आणि वर पेट्रोलची टाकी आहे. हे एवढं एक लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. चावीवर चालणारा रिले टाकला तर सेट चालू राहून बॅटरी उतरत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंगला कट मारू नका.

आवाजाचं: कानात "कुईई" येत असेल आणि रेस दिली की चढत असेल तर तो चार्जिंगचा आवाज. थेट बॅटरीवर जोडलं की बहुतेक जातो. "तट-तट-तट" असेल आणि इंजिनाबरोबर वाढत असेल तर प्लगचा. रेझिस्टरवाला प्लग लावा, ज्याच्या नंबरात "आर" असतो, किंवा रेझिस्टरवाली कॅप. तरी राहिला तर वायरीवर फेराइटचं कडं अडकवा. मागच्या वर्षी एकाने सेट खराब म्हणून तीनदा बदलला, दोष प्लगच्या कॅपमध्ये होता.

व्हीयू३_माळवा

मिस्त्रीबुवांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा.

अँटेनाचं मी सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. चारचाकीवर पाव लांबीचा, म्हणजे रेडिओ लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढा अँटेना चालतो, कारण खाली लोखंडी टप असतं, ते अँटेनाची दुसरी बाजू होतं. मोटरसायकलला टप नाही. १४५ मेगाहर्ट्झला पाव लांबी म्हणजे साधारण अर्धा मीटर. तो नुसता कॅरियरवर उभा केला तर शक्ती बरीचशी वाया. मी आधी तेच केलं होतं. राऊवरून महूच्या मित्राला ऐकू जाईना. मग अर्ध्या लांबीचा, म्हणजे जवळजवळ एक मीटरचा लावला. त्याला खालच्या पत्र्याची तशी गरज नसते. तोच सेट, तीच शक्ती, आणि जानापावच्या पायथ्यावरून इंदूरशी बोललो. त्या दिवशी मी घरी येऊन आईला पेढा दिला होता.

एक सावधगिरी: मागे कोणी बसणार असेल तर अँटेना त्याच्या डोक्याशेजारी येतो. शक्ती पाच वॅटवर आणा किंवा मागे कोणाला बसवू नका.

आणि ४४६ च्या हँडसेटचा अँटेना काढून दुसरा लावायचा मोह टाळा. मान्यता सेट जसा विकला तशाची असते. फार वाटलं तर सेट उंच ठेवा. त्या फ्रिक्वेन्सीला एक फूट उंची वाढली तरी फरक पडतो, आणि माणसाचं अंग मध्ये आलं की आवाज खातं.

नर्मदेकाठी

सर्वांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तीन सेटचं ठरलं. मग सेट उंच ठेवायचा म्हणजे छातीच्या पट्ट्यावर की पाठीवरच्या बॅगेत?

वॉर्डातली_सिस्टर

इतके दिवस नुसती वाचत होते, पण आता लिहिलंच पाहिजे. मी अस्थिविभागात काम करते. छातीवर नको. पाठीच्या कण्यावर तर मुळीच नको. कमरेलाही नको. गाडीवरून पडलेल्या माणसाच्या खिशात जे कठीण असतं, किल्ल्यांचा जुडगा, फोन, कॅमेरा, ते पडताना आत जातं. मी कमरेच्या हाडावर किल्ल्यांचा ठसा पाहिलाय. तुमच्या सेटचा ठोकळा तर त्याहून मोठा. तो गाडीवर राहू द्या, माणसावर नको.

आणि सेट ते हेल्मेट अशी वायर असेल तर ती ओढली की सुटणारी हवी. मानेला गाडीशी बांधून घेऊ नका.

पाठीमागची_सीट_नको

सिस्टर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी स्वतः किल्ल्या खिशात ठेवते. आजपासून बंद.

वायरीसाठी: मध्ये एक साधी पिन-सॉकेटची जोड घ्या, जी हलक्या ओढीने सुटते. जेल रोडला मिळते. हेल्मेटला भोक पाडू नका, कवच तिथून कमजोर होतं. स्पीकर कानाच्या खळगीत अस्तराखाली बसतात. आवाज एवढाच ठेवा की मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

महूचा_सिग्नलमन

बोलायचं बटण डाव्या मुठीजवळ, हॉर्नच्या बाजूला, अंगठा पोहोचेल असं. उजवा हात ब्रेक आणि रेसचा, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. सेट हातात घेऊन बोलायचं तर नावच नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक चालवण्यात धरलंय.

पोहे_जिरावन

अवांतर: व्हीयू३, हॅमचा उपयोग फक्त हौसेला की खरंच होतो?

व्हीयू३_माळवा

२६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा फोन बंद पडले होते. हॅम मंडळी सेट घेऊन तिथे पोहोचली आणि निरोप बाहेर गेले. त्याच्या गोष्टी ऐकून मी परीक्षेला बसलो. इंदूरमध्ये कोणाला अभ्यास करायचा असेल तर निरोप टाका, शिकवायला मी तयार आहे. पैसे घेत नाही.

लोहापट्टीचा_मिस्त्री

माझ्या पोराला पाठवू का? तेरा वर्षांचा आहे, सोल्डरिंग येतं.

व्हीयू३_माळवा

उद्याच पाठवा.

नर्मदेकाठी (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, काल जाऊन आलो. वृत्तांत देतो, कारण तुम्ही सर्वांनी वेळ दिलात.

४४६ चे, ईटीए असलेले तीन सेट घेतले. पहिला सेट मी हँडलच्या मध्यावर क्लॅम्पने बसवला, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. तरी सिमरोलपर्यंत जाता जाता स्क्रू सैल झाला. मग प्रत्येक स्क्रूला स्प्रिंग वॉशर टाकला. पावसासाठी जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड खाली. बटण डाव्या मुठीला वेल्क्रोने. हेल्मेटची वायर ओढून सुटते का ते घरीच दहा वेळा पाहिलं.

अंतराचं खरं सांगतो. सिमरोलच्या आधी सपाटीला दीड किलोमीटरपर्यंत स्वच्छ. भेरूघाटात पहिला-शेवटचा संपर्क जवळजवळ नाहीच, सिग्नलमन काकांनी सांगितलं होतं तसंच. पण मधल्याला दोघेही ऐकू येत होते. एका ठिकाणी त्यालाही मागचा आवाज येईना, तेव्हा तो रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबला आणि आवाज आल्यावरच पुढे निघाला. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं, त्याने स्वतः केलं. आता तो नियमच केलाय: आवाज गेला की मधल्याने थांबायचं.

दुसऱ्या वळणाच्या खाली मागून निरोप आला, "थांबलो." फक्त एका पोराचा रेनकोट चाकात अडकत होता. चार मिनिटांत "सगळे आले." पण ते "थांबलो" कानात आलं तेव्हा माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही. मागच्या वेळी हाच शब्द डोंगरात कोणालाच ऐकू गेला नव्हता.

"तट-तट" आवाज एका गाडीवर आला. प्लगची कॅप बदलली, गेला. मिस्त्रीबुवा, तुमच्याकडे पोहे घेऊन येतोय.

शांत_चालक

वीस किलोमीटरची मोजणी केलीत का?

नर्मदेकाठी

केली. सिमरोल, बलवाडा, बडवाह. तिन्ही ठिकाणी नऊ.

पोहे_जिरावन

आमचा ग्रुप पुढच्या महिन्यात मांडूला जातोय. आमच्यात बाराजण आहेत. तीन पुरतील का चार घ्यावेत?

महूचा_सिग्नलमन

बारा जण एका रांगेत नका चालवू. सहा-सहाच्या दोन तुकड्या करा. प्रत्येकीला दोन सेट, पहिला आणि शेवटचा, आणि दोन्ही तुकड्यांना वेगळं चॅनल. नाहीतर एका तुकडीचं "थांबलो" ऐकून दुसरी थांबेल. घाट आला तर तुकडीतच मधला नेमा आणि त्यालाही सेट द्या.

चेनवाले_काका

नमस्कार. माझ्यावरून हा धागा सुरू झाला असं पोरांनी सांगितलं, म्हणून नातीकडून खातं उघडून घेतलं. चेन नवीन टाकली आहे, लॉकही दोन जवळ ठेवलेत. काल मला त्यांनी मध्ये घातलं होतं, काळजीने. ते प्रेम कळतं. पण पुढच्या खेपेला शेवटचा सेट मला द्या. मागे एकटा राहिल्यावर काय लागतं ते आमच्यात फक्त मलाच माहीत आहे.

नर्मदेकाठी

काका, दिला. रविवारी पाचला, भंवरकुवा. सेट रात्रीच चार्ज करून ठेवतो.